नुसतं मीठ घालायचं, मामा!

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. पुरणपोळ्या होत्या (तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे, तेव्हा इथे आवरतं घेतो). जेवणं झाली, सगळे हॉलमध्ये सैलावले आणि भाचेबुवा फिशटँकसमोर उभे राहून जाहीर करते झाले की दिवाळीच्या सुट्टीत हा टँक ‘सॉल्टवॉटर’ करायचा. म्हणजे आत्ता आत असलेले मासे काढायचे आणि तिथे निमो, डोरी, डुलणारी फुलं, जिवंत दगड असा अख्खा समुद्र आणायचा. भाऊजींनी लगेच मोबाइलवर व्हिडिओ लावला. निळा प्रकाश, पांढरी वाळू, केशरी मासे. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "अगदी गणपतीच्या आरासीसारखं दिसतंय हो!" ताईने खर्च विचारला. मी विचारलं, "आणि ढब्बूचं काय?"

ढब्बू म्हणजे त्यांचा गोल्डफिश. भाचा पाचवीत असताना आला, आता भाचा अकरावीत आहे.

"देऊ कोणालातरी. दुकानवाला परत घेतो म्हणालाय. बाकी टँक आहे, फिल्टर आहे, पंप आहे. नुसतं मीठ घालायचं, मामा!"

मी गप्प बसलो. आई मात्र उठली, पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती का गेली ते मला ठाऊक आहे, ताईला थोडंफार ठाऊक आहे, भाच्याला अजिबात नाही. समोरासमोर सांगायला जीभ रेटत नाही ते ब्लॉगवर लिहायचं, ही माझी जुनी खोड. ताई हा ब्लॉग वाचते. भाऊजी वाचत नाही असं सांगून वाचतात. भाच्याला लिंक मी स्वतः पाठवणार आहे. बाकीच्या मंडळींनी हे आमचं घरगुती भांडण समजून वाचायला हरकत नाही, पण तुमच्यापैकी किमान दोघांच्या घरी फिशटँक आहे हे मला माहीत आहे. तेव्हा फार निवांत बसू नका.

आधी त्या ‘कन्व्हर्ट’ शब्दाशीच भांडतो. पेट्रोलची गाडी सीएनजीवर कन्व्हर्ट होते. बाल्कनीची अभ्यासाची खोली होते. तिथे आधी होतं त्यातलं बरंचसं पुढेही कामाला येतं, म्हणून तो शब्द खपून जातो. गोड्या पाण्याच्या टँकचं खारं पाणी केल्यावर पुढे काय येतं? पाच काचा येतात. पंप येतो. लाकडी स्टँड येतं, तेही पाण्याचं वजन पेलत असेल तर. मासे जातात. पाणवनस्पती मरतात. कोपऱ्यात आपोआप झालेल्या बारक्या गोगलगायी मरतात. तळाची निळी-गुलाबी खडी काढून टाकावी लागते. झाकणाचे स्क्रू दोन महिन्यांत गंजतात. आणि आपल्याला दिसत नाही ते सगळ्यात महत्त्वाचं, फिल्टरमधले जिवाणू, तेही जातात. याला कन्व्हर्ट करणं म्हणायचं असेल तर चाळ पाडून तिथे मॉल बांधला की चाळ कन्व्हर्ट झाली म्हणायला हवं. चाळीतली माणसं कुठे गेली हे कोणी विचारायचं नाही.

आता माझा गुन्हा.

बाबा २००३ साली निवृत्त झाले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी विकत घेतलं. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच असा काचेचा टँक आणि दोन गोल्डफिश. बाबा काही फार हौशी वगैरे नव्हते. दर रविवारी दोन बादल्या पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं दोन बादल्या पाणी घालायचं, की झालं. सकाळचा पेपर मात्र त्या टँकशेजारी बसून वाचायचे. पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला की दोन्ही मासे काचेशी येत, कारण पेपरनंतर खाणं मिळे हे त्यांना कळलं होतं. माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते असं जे छातीठोकपणे सांगतात त्यांनी आमच्या घरी यायला हवं होतं.

२०११ साली बाबा गेले. मासे होतेच. आई पेपर घेऊन तिथे बसायला लागली. तिला पेपरात फारसा रस नाही, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

२०१३ साली मला समुद्राची हौस आली. लहानपणी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, १९५१ सालचं ते जुनं, अंधाऱ्या दालनांचं, काचेला नाक लावून उभं राहायचं. ते कुठेतरी डोक्यात राहिलं होतं. शिवाय कामावरच्या एकाच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक पाहिला आणि आपल्या घरचे दोन केशरी मासे एकदम पांचट वाटायला लागले. खरं कारण हेच. बाबांच्या टँकचं ‘मी काहीतरी चांगलं करतोय’ वगैरे मी स्वतःला सांगितलं, पण मुळात कंटाळा आला होता. दहा वर्षांच्या जिवांचा मला कंटाळा आला होता, आणि दुकानदाराने त्या कंटाळ्याला ‘अपग्रेड’ असं छान नाव दिलं.

दुकानाचं नाव सांगत नाही, विचारू नका. दुकानदार म्हणाला, "बुधवारी पाणी भरा, मीठ घाला, ही बाटली ओता, शनिवारी मासे न्या." मीठ त्याच्याकडचंच, बाटली त्याच्याकडचीच. जुने मासे ‘एक्स्चेंज’मध्ये घेतो म्हणाला आणि बिलातून काही रुपये कमी केले. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मी बाबांचे मासे नेऊन दिले. पिशवी काउंटरवर ठेवल्यावर त्यातला मोठा माझ्याकडे तोंड करून वर आला. मी तेव्हा मिठाचं पोतं कसं न्यायचं या विचारात होतो.

शनिवारी दोन क्लाउनफिश, दोन निळे डॅमसेल आणि एक समुद्रफूल (अ‍ॅनिमोन) घरी आलं. रविवारी शेजारपाजार बघून गेला, काहीजण दोनदा आले. सोमवारी डॅमसेल वरच्या कोपऱ्यात जाऊन तोंड उघडझाप करायला लागले. बुधवारी दोन्ही गेले. समुद्रफूल आकसत आकसत नवव्या दिवशी विरघळलं, आणि ज्याने ते पाहिलेलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी उठलो तर घरभर सडक्या बोंबलासारखा वास, आणि काल फूल होतं तिथे शेंबडासारखा पांढरा गोळा. त्या दिवशी एक क्लाउनफिश गेला. उरलेल्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले, त्याला औषधं ओतली, पाच आठवडे तो एकटा त्या तीन फुटांत एकाच पंपाच्या मागे उभा राहून जगला आणि मेला.

तेव्हा आई म्हणाली, "ह्यांचे मासे कुठे दिलेस?" एवढंच.

मी दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "वो पुराने वाले? वो तो कब के गए." बोलताना तो मागच्या मोठ्या टँककडे बघत होता. त्यात हातभर लांबीचा रेडटेल कॅटफिश होता. मी पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, चांगल्या घरी गेलेत, मोठी बाग आहे, हौद आहे. आई "बरं" म्हणाली. ताई, तुला मी हौदाचीच गोष्ट सांगितली होती. ती खोटी होती.

(इथवर वाचून भाऊजी म्हणतील, तू माती खाल्लीस म्हणून आम्ही का घाबरायचं? आमचा मुलगा अभ्यास करून करेल. तर आता अभ्यासच करू.)

माशाने पाण्यात सोडलेली घाण म्हणजे मुख्यतः अमोनिया. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर जिवाणूंचा एक थर बसतो, तो अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट आपण बादलीने बाहेर काढतो. गोड्या पाण्यातला हा थर खाऱ्या पाण्यात एकदम टाकला की जवळजवळ सगळा मोडतो. नवा बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या दुकानदाराने तीन दिवस दिले होते. वर खारं पाणी जास्त अल्कधर्मी, पीएच साधारण ८.१ ते ८.४, आणि अशा पाण्यात तेवढाच अमोनिया कितीतरी पटींनी जास्त घातक रूपात असतो. त्यातून खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो. डॅमसेल वर जाऊन तोंड उघडत होते ते मला ‘खेळतायत’ असं वाटलं होतं.

आणि हे डॅमसेल दुकानदार मुद्दाम देतात, बरं का. मासा स्वस्त, चिवट. त्याच्या घाणीवर जिवाणू वाढतात. तो टिकला तर टिकला, मेला तर जागा झाली. त्यासाठी मासाच लागतो असंही नाही. चिमूटभर माशांचं खाणं किंवा बाजारातल्या कोलंबीचा एक तुकडा रिकाम्या टँकमध्ये सडू दिला तरी तेच काम होतं. पण रिकामं पाणी सहा आठवडे बघत बसायला गिऱ्हाईक तयार नसतं आणि दुकानदारालाही ते परवडत नाही.

माशाच्या शरीराचं तर आणखीनच वेगळं गणित. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, म्हणून पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असतं. तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि भरपूर पातळ लघवी करतो. समुद्रातल्या माशाचं उलट, त्याच्या अंगातून पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो सतत समुद्र पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो. मुळातली यंत्रणाच उलटी. ‘हळूहळू मीठ वाढवत नेलं तर ढब्बूला सवय होईल का?’ असं भाच्याने मला जाताना विचारलं. नाही होणार बाळा. तो मरेल, हळूहळू.

हो, मोलीला होते. हे मला कोणीतरी ऐकवणारच, म्हणून आधीच सांगतो. मोली हा बाजारात सर्रास मिळणारा मासा सावकाश सवय केली तर पूर्ण खाऱ्या पाण्यात राहू शकतो. आपल्या कोकणच्या खाड्यांतही असे मासे आहेत, भरती-ओहोटीबरोबर खारं-मचूळ पाणी सोसणारे. पाला तर समुद्रातून नदीत चढून येतो. पण लाखो वर्षांत काही जातींना जमलं म्हणून आपण दिवाळीच्या सुट्टीत गोल्डफिशला शिकवू, हे म्हणजे शेजारचा मुलगा आयआयटीत गेला म्हणून मांजराला क्लास लावण्यासारखं आहे.

आता ‘टँक आहेच’ या मुद्द्याकडे येतो. टँक आहे, पण हा तोच टँक आहे. बाबांचा. २०१३ नंतर माझ्या माळ्यावर पडून होता, २०१९ साली भाच्याने मासे हवेत म्हणून हट्ट केला तेव्हा तुमच्याकडे आला. गेल्या सहा वर्षांत पांढऱ्या ठिपक्यांवर म्हणून त्यात किती औषधं ओतली गेलीत ते तुम्हीच आठवा. त्यांतल्या काहींत तांबं असतं. ते खडीत, दगडांत, स्पंजमध्ये मुरून राहतं, आणि कोलंबी, खेकडे, प्रवाळ अशा बिनकण्याच्या प्राण्यांना अगदी थोडं तांबंही विष असतं. म्हणजे खडी, दगड, स्पंज सगळं नवं. ‘टँक आहेच’ म्हणून जे वाचणार होतं त्यातलं उरलं काय, पाच काचा.

मीठही साधं चालत नाही. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइड सुमारे ८५ टक्के, बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि अनेक बारीकसारीक गोष्टी. आयोडीनवालं मीठ पिशवी फोडून ओतलं की समुद्र होत नाही, लोणच्याचा खार होतो. समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. आपला टँक साडेचार घनफुटांचा, म्हणजे काठोकाठ १२७ लिटर, म्हणजे पहिल्याच दिवशी जवळपास साडेचार किलो. मग दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदललं तर १९ लिटर पाणी आणि ६६० ग्रॅम मीठ. वर्षाचं झालं ३४ किलो. ताई, तुमच्या घरात वर्षाला किती मीठ लागतं? हे पाणीही नळाचं चालत नाही, आरओचं लागतं, आणि घरगुती आरओ जितकं पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे करायचं आहे, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

आणि पुण्याचा एप्रिल. प्रवाळाला २५-२६ अंश बरे, बाहेर ३९-४० असताना बंद हॉलमधलं पाणी सहज तिशीच्या वर जातं. चिलर घ्यावा लागतो. चिलरची किंमत भाऊजींनी स्वतः विचारावी, माझ्या तोंडून ऐकली तर मी वाढवून सांगतोय असं वाटेल. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून खारेपणा सारखा ठेवायचा. रोज म्हणजे गणपतीत, परीक्षेत, महाबळेश्वरला गेल्यावरही. अकरावीतल्या मुलाला हे जमेल? बारावीत? दोन वर्षांनी तो इंजिनिअरिंगला बाहेरगावी जाणार आहे. तेव्हा त्या टँकचं कोण बघणार हे घरातल्या सगळ्यांना आजच माहीत आहे आणि तिला कोणीही विचारलेलं नाही. तिने फक्त खर्च विचारला.

पण पैसा, पाणी, वेळ ही सगळी माणसांची रड. माझं खरं भांडण दुसरीकडेच आहे.

ढब्बू कुठल्या तरी शेततळ्यात जन्मला. त्याच्या पूर्वजांना चीनमध्ये माणसांनी हजारेक वर्षांपूर्वी पाळायला सुरुवात केली, तो कोंबडीसारखा, माणसाळलेला. बाजारातले गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे असे पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्याचं उलटं आहे. तिथल्या बहुतेक जाती अजूनही समुद्रातून पकडून आणलेल्या असतात. भाच्याच्या यादीत दोन नंबरला असलेली ती निळी डोरी घ्या. ती बंदिस्त पाण्यात पहिल्यांदा वाढवता आली ती २०१६ साली, फ्लोरिडा विद्यापीठातल्या लोकांना, तीही अनेक वर्षांच्या खटपटीनंतर. त्याच्या आधी जगातल्या प्रत्येक टँकमधली प्रत्येक डोरी कोणीतरी प्रवाळातून उचललेली होती. आजही दुकानातल्या डोरीबद्दल तोच अंदाज धरावा. उचलायची कशी? फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून या धंद्यासाठी सायनाइड वापरलं गेलं. प्रवाळाच्या फटीत सायनाइडचं पाणी पिचकारीने मारायचं, मासा गुंगला की हाताने काढायचा. मासा काही दिवसांनी मरतो, तोवर विकला गेलेला असतो. प्रवाळ तिथेच मरतं.

‘जिवंत दगड’ हा शब्द भाऊजींना फार आवडला होता. तो दगड म्हणजे बहुधा प्रवाळाचा सांगाडा. आपल्याकडे २००१ पासून कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे जिथे वाघ आहे तिथे. ते पकडणं, विकणं, घरात बाळगणं गुन्हा. भाऊजी, तुम्ही सरकारी नोकर आहात. (ही धमकी समजावी.)

हे नवं नाही, हेही मला नंतर वाचताना कळलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं मोठं मत्स्यालय उघडलं. त्यामागे फिलिप गॉस नावाचा एक भाविक, अतिशय प्रामाणिक निसर्ग अभ्यासक होता. पुढच्याच वर्षी त्याने ‘द अ‍ॅक्वेरियम’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडभर समुद्र दिवाणखान्यात आणायची साथ पसरली. बायाबाप्ये बादल्या, हातोड्या घेऊन किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी खरवडायला लागले. घरी नेलेलं बहुतेक सगळं काही दिवसांत सडलं, कारण जिवाणूंचं गणित तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. काही वर्षांत फॅशन ओसरली. त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली आत्मचरित्रात लिहिलं की बापाबरोबर लहानपणी पाहिलेली ती भरलेली डबकी उजाड झाली, आणि याचं आपल्या बापाला फार दुःख होतं. ज्याने नाद लावला तोच माणूस. मला हा बाप फार जवळचा वाटतो. त्याला निदान ठाऊक नव्हतं. आपल्याला मोबाइलवर दोन मिनिटांत सगळं ठाऊक होतं आणि तरी आपण व्हिडिओच बघतो.

आता न्यायाने बोलायला हवं, नाहीतर कॉमेंटमध्ये तुम्ही मला फाडून खाल. माझा एक मित्र आहे, डोंबिवलीचा. त्याचा खाऱ्या पाण्याचा टँक अनेक वर्षं उत्तम चालू आहे. त्याने पाणी भरल्यावर अडीच महिने एकही मासा आणला नाही, बायको टँकला ‘तुमचं मिठागर’ म्हणायची. क्लाउनफिश त्याने आणले ते पैदास केंद्रातले. निमोची जात बंदिस्त पाण्यात अंडी घालते, पिल्लं वाढतात, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र बसवलेलं आहे. तेव्हा निमोसाठी समुद्रात हात घालायची गरजच नाही. अशा माणसाशी माझं भांडण नाही. पण त्यानेही काही कन्व्हर्ट केलं नव्हतं. त्याच्याकडे आधीपासून गोड्या पाण्याचा टँक होता आणि तो अजून आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, त्यात एक म्हातारा एंजलफिश आहे. नवा नाद नव्या काचेत सुरू केला. मला राग आहे तो एका जिवाची जागा रिकामी करून तिथे दुसरा भरण्याचा, आणि ‘देऊन टाकू’ या दोन शब्दांचा.

कारण देऊन टाकू म्हणजे कुठे? दुकानाचं मी सांगितलं. दुसरी पद्धत म्हणजे नदीत, तलावात सोडणं, वर पुण्य लागतं अशी समजूत. लोकांच्या घरात मोठा झालेला सकर मासा असाच आपल्या नद्या-तलावांत गेला आणि आता मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो, बाजारात कोणी विचारत नाही. गोल्डफिश सोडला तर एक तर बगळा खाईल किंवा तो तिथल्या माशांना आपले रोग देईल. तिसरी पद्धत म्हणजे नातेवाइकांच्या गळ्यात मारणं. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो १९९९ साली वारला. ४३ वर्षं! मुलगा मोठा झाला, घर सोडून गेला, मग आईबापांनी मासा सांभाळला. ढब्बू सहा वर्षांचा आहे. अजून तो पोरगाच आहे.

तुम्ही विचाराल की मग मासे पाळायचेच कशाला, काचेच्या पेटीत कोंडणं हेच मुळात वाईट नाही का. असेल. मला याचं पक्कं उत्तर आजही देता येत नाही. मी स्वतः त्यानंतर मासे पाळले नाहीत, पण बाबांनी पाळले ते वाईट केलं असंही मला म्हणवत नाही. दर रविवारी दोन बादल्या पाणी बदलणारा माणूस त्या माशांना काहीतरी लागत होता. मी लागत नव्हतो.

तर भाचेबुवा, ऐका. टँक तुझा आहे, मी काही तो उचलून नेणार नाही. ढब्बूला कंटाळला असशील तर सरळ सांग, मला कंटाळा आला म्हणून. त्यात लाज नाही, मलाही आला होता. त्याला मी घेऊन जातो, आईच्या खोलीत खिडकीशेजारी जागा आहे आणि पेपर अजून येतो. तिला मी विचारलंय. ती "बघू" म्हणाली, म्हणजे हो.

त्याला द्यायचं नसेल आणि समुद्रही हवा असेल तर दुसरा टँक घे, निम्मे पैसे माझे. अट एकच. मीठ-पाणी भरल्यावर दोन महिने त्यात एकही मासा घालायचा नाही, रोज हायड्रोमीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा आणि वही मला दाखवायची. तेवढं झालं तर ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात तुला घेऊन जाईन, तिथे क्लाउनफिश वाढवायचं काम चालतं ते बघू, आणि मग पैदास केलेले दोन आणू. डोरी नाही. दगड नाही. समुद्रफूल तर माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस.

आणि मीठ विकत घेऊ नकोस लगेच. २०१३ सालचं अर्धं पोतं माझ्या माळ्यावर आहे. त्याची ढेप झालीये, टँकच्या कामाचं ते नाही, पण हायड्रोमीटर वाचायचा सराव करायला चालेल. रविवारी घेऊन येतो. ताई, पोळ्या उरल्या असतील तर ठेव.